मोजणी

गुरुवारी दुपारी दीडला मी तळघरातले दिवे लावते.
आठ नळ्यांपैकी तिसरी उगीच फडफडते, मग शहाणी होते.
बाहेर उणे चौदा. जस्ताच्या भट्टीचा धूर
नदीवर आडवा पडलाय, उठायचा कंटाळा केल्यासारखा.
इथे खाली वाळू आणि कुटलेले शिंपले.
त्यावरून मी फळी ओढते,
कालच्या वाढदिवसातले पोरांचे पाय पुसते,
एक फुगा कोपऱ्यात सापडतो, अजून फुगलेला.

बोच्चीला फार काही लागत नाही.
लिंबाएवढा पलीनो आधी टाकायचा,
मग ज्याने त्याने आपला जड गोळा
त्याच्या जवळात जवळ नेऊन निजवायचा.
इतकंच.
इतक्यासाठी शहाणी माणसं जेवणं सोडतात.

नात्झारेनो लाल घेतो. फिओरेंत्सो हिरवा.
फ्रिऊलीतल्या एकाच गावचे,
एकाच बोटीतून आले, एकाच पाळीत
टाक्यांपाशी उभे राहून खोकले,
आणि संपाच्या सातव्या आठवड्यात
फिओरेंत्सो फाटकातून आत गेला.
त्याची धाकटी तेव्हा आजारी होती.
सगळ्यांना ठाऊक होतं. नात्झारेनोलाही.
तरी अबोला धरला तो धरला.
एकतीस वर्षं.
त्यात तीन लग्नं झाली, एक बायको पुरली,
आणि दर गुरुवारी हे दोघे समोरासमोर,
कारण गावात दुसरं मैदान नाही.

बोलायचं ते फक्त मापाचं.
पट्टीचं एक टोक हा धरतो, दुसरं तो.
"सतरा."
"साडेसतरा."
मापाला तिसऱ्याने हात लावायचा नाही,
हा इथला नियम.
मी फळ्यावर खडूने लिहिते.
पूर्वी तेही नव्हतं, बायकांना जिना बंद होता;
वर बटाटे सोलताना
फरशीतून यायचे ते ठोके आम्ही ऐकायचो.
ठक, म्हणजे कुणाचा तरी उडवला.
मग शिव्या.
कुणाची शिवी कुठली, ते सालं काढता काढता पाठ झालं.

आज अकरा-अकरा. बाराला संपतं.
फिओरेंत्सोने शेवटचा गोळा सोडला.
सोडला म्हणते, टाकला नाही;
बोटांना बातमी लागायच्या आत तो निघाला होता.
कडेच्या फळीला धरून, म्हाताऱ्या कुत्र्यासारखा,
रमतगमत लालपर्यंत आला आणि टेकला.
वरच्या दवाखान्यातली लिगाया डबा खात होती,
चमचा तोंडात धरून उभी राहिली.

नात्झारेनोचा गुडघा नोव्हेंबरात बदललाय.
तो खुर्चीतून खेळतो, वाकणं नाही.
म्हणून पट्टीची दोन्ही टोकं फिओरेंत्सोकडे.
तो खाली बसला. हाडं वाजली.
हिरवा मोजला. लाल मोजला. पुन्हा हिरवा.
मी फळा सोडून दोन पावलं पुढे आले होते,
चष्म्यासकट, आणि पट्टी मला दिसत होती.
हिरवा जवळ होता. केसभर म्हणा, पण होता.

फिओरेंत्सो वाळूकडे बघतच म्हणाला,
"तुझा."

आकडा नाही. नुसतं तुझा.
चौघेजण बाकावर होते, कुणी खोकलंसुद्धा नाही.
नात्झारेनोने काठी वाळूत रोवली.
"नीट मोज, गाढवा."
"मोजलंय."
"तुला दिसत नाही."
"तुला उठता येत नाही."
"पट्टी पलीनोच्या मध्यावर धरलीस का कडेवर?"
"मला शिकवतोस?"

साडेचारला बिंगोवाले येतात.
मला वाळू ओढायची आहे, कपाट लावायचंय,
आणि हे दोघे अजून भांडताहेत
डोळ्यावरून, गुडघ्यावरून, पट्टीवरून,
बोटीत कुणाला आधी ओकारी आली त्यावरून.
संपाचं कुणी काढलं नाही.
लिगाया डबा धुऊन वर गेली.
खडू माझ्या हातात ओला झालाय.
फळ्यावर अकरा-अकराच आहे.