खालीवर

बेचाळीस दिवस, डॉक्टर यास्ना म्हणाली,
आणि पेनाच्या टोकाने एक्स-रेवर तुझी मांडी दाखवली:
आगकाडीएवढं हाड, त्यात एक खिळा.
उडी नाही. धाव नाही. जिना तर नाहीच.
वालपराइसोत जिना नाही म्हणजे
माशाला सांगणं, ओला होऊ नकोस.

म्हणून हा पिंजरा. वरच्या गल्लीतल्या ऑर्तेन्सियाबाईंचा.
त्यांचा कुत्रा गेल्यापासून त्यात बटाटे असत.
अजून कोपऱ्यात थोडी माती आहे, ती तू रोज खरवडतेस.

पुल्गा, म्हणजे पिसू, असं नाव ठेवलं
तेव्हा तू खरंच तेवढीच होतीस.
सात महिन्यांत साऱ्या टेकडीचे पत्रे पाठ केलेस,
आणि एका कबुतरापायी
निळ्या पत्र्यावरून थेट माझ्या कुंड्यांत.

पहिला आठवडाभर गुन्हेगार मीच.
दोरा हलवला, तर तू दोऱ्याकडे नाही,
माझ्या हाताकडे पाहिलंस.
चेंडू दिला, त्यावर बसलीस.
पुतण्याने फोनवर पोहणारे मासे लावून दिले.
तू पडद्यामागे पंजा घालून नीट तपास केलास
आणि फोनचा नाद कायमचा सोडलास.
अंड्यांच्या ट्रेमध्ये दाणे लपवले:
अकरा मिनिटं. मी घड्याळ लावून बसलो होतो.
दिवसात अशी किती मिनिटं उरतात, ते नको विचारू.

मग कळलं, तुला खेळणी नकोत. बातमी हवी.

तेव्हापासून खिशात काहीतरी घेऊनच घरी येतो.
डिझेलने माखलेला दोरखंडाचा तुकडा.
निलगिरीचं पान, दुपारचं, अजून कोमट.
मासळीवाल्या नेल्दाचा जुना ॲप्रन
(तिने कशाला म्हणून विचारलं नाही,
या गावात मांजराचं कारण पुरतं).
आणि धक्क्यावरच्या फळीची एक ढलपी
जिच्यावर समुद्रसिंह लोळला होता.
ती हुंगून तुझी शेपटी बाटलीच्या ब्रशसारखी फुगली,
फिसकारलीस, मागे सरलीस, परत आलीस.
मला इतका आनंद झाला
की मी एकटाच टाळ्या वाजवत बसलो.

एकोणतीस वर्षं मी आसेन्सोर चालवली.
दोन डबे, एक तार, एक उतार.
एक चढला की दुसऱ्याला उतरावंच लागतं.
माझा मुकादम सांगायचा, बेलार्मीनो, मधोमध वेग कमी कर,
तिथे माणसं एकमेकांना बघतात.
आता फाटकाला कुलूप आहे
आणि तार कुणाची वाट पाहत गंजते, ठाऊक नाही.

दोन काडेपेट्या घेतल्या.
पिंजऱ्याच्या वरच्या गजावरून दोरा टाकला.
एकीत सार्डिनचा सुका तुकडा,
दुसरीत वजनाला शंभर पेसोचं नाणं.
मी ओढतो, सार्डिन चढतं, नाणं उतरतं,
आणि तुझी मान त्यांच्यामागे,
आणि मांडीकडे बघत माझा जीव खालीवर.
पण तू हललीच नाहीस. फक्त डोळे.
मग, दोन्ही डबे समोरासमोर आले तेव्हा,
बरोब्बर मधोमध,
एक पंजा.
बसल्या बसल्या.
मुकादमाला हे दाखवायला हवं होतं.

बावीसाव्या दिवशी यास्ना म्हणाली, हाड धरतंय.
आणखी वीस दिवस, आणि कृपा करून लाड कमी.
वजन तिने वहीत लिहिलं. मी तिकडे बघितलं नाही.

काल रात्री जाग आली.
लोखंडावर लाकूड घासल्यासारखा बारीक आवाज.
तू दातांत दोरा धरून
स्वतःच गाडी चालवत होतीस.
नाणं वर. सार्डिन खाली.
सार्डिन खाऊन झालेलं, डबा रिकामा,
तरी फेऱ्या चालूच.
मी दिवा लावला नाही. पाच मोजल्या.
सहावीला दोरा तुटला
आणि नाणं फरशीवर गोल गोल फिरत
कितीतरी वेळ वाजत राहिलं.

सकाळी जाडा दोरा शोधला.
मासे पकडायचा. तो सहज तुटत नाही.