दोन बोटं पडदा

रस्त्याच्या कडेला माझी फळकुटांची टपरी आहे.
चार खांब, वर पत्रा,
नवे बटाटे, लाल मुळे, साधलं तर मध,
आणि कुलपाचा डबा, झाकणाला चीर.
दुकानदार कुणी नाही. पाटी आहे:
पिशवी तीस क्रोनर. आभारी, रिग्मोर.

फेरीतून उतरणारे म्हणतात, आजी, फोनवर पैसे घ्या आता.
फोन नाव सांगतो.
डबा सांगत नाही.
म्हणून डबा,
आणि म्हणून स्वयंपाकघराचा पडदा
मी दोन बोटं सरकवून ठेवते.

सात उन्हाळे वहीत लिहितेय.
डावीकडे कोपनहेगनचे, समुद्राकडे काचा असलेल्या घरांतले:
वकील, दंतवैद्य, ती बातम्या सांगणारी.
उजवीकडे बेटावरचे:
शाळेची बस चालवणारा येप्पे, मासळी उतरवणारे, गवंडी हॉल्गर.
माझा बाप हवेलीवर गडी होता.
उत्तर मला आधीच ठाऊक होतं,
वहीने फक्त खाली सही करायची होती.

नाही केली.

न्यायमूर्ती लुंडगोर पन्नासची नोट टाकतात,
बायको गाडीत असली तर.
एकटे आले की मोजून तीस.
एकदा पंचवीस टाकले, आणि उगाच आभाळ पाहिलं.
दंतवैद्य बाई न चुकता देते, भर पावसातही,
आणि तिची फरशी पुसणाऱ्या पोरीचे
दोन महिन्यांचे पैसे अजून अडकलेत.
हे कुठल्या रकान्यात?
हॉल्गर कधीच देत नाही. कधीच.
दोन पिशव्या उचलतो, शीळ घालत जातो.
त्याच्यापुढे फुल्या मारून पेन्सिल झिजली.
मग नोव्हेंबरच्या वादळात पत्रा उडाला.
सकाळी पाहते तर पत्रा जागच्या जागी.
नवे खिळे. बिल नाही, निरोप नाही.
मी खिळे मोजले. एकोणीस.
बटाट्यांत त्यांचा भाव काढत बसले दुपारभर.

परवा संध्याकाळी एक पोरगी आली सायकलवरून,
आठ-नऊ वर्षांची.
हवेलीच्या नव्या मालकांची की मासळीवाल्यांची, कळेना;
हल्ली सगळ्यांच्याच पायांत तसलेच रबरी बूट.
इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं,
मधाची बरणी कोटात.
मी पडद्याआड, पेन्सिल हातात.
मला हसू आलं.
म्हटलं, जाऊ दे. लेकरू आहे.

आणि पेन्सिल तिथंच राहिली.

मीही तेवढीच होते.
हवेलीच्या बागेत, ओच्यात प्लम भरत,
आणि वर खिडकीत बॅरोनेस,
पडदा दोन बोटं सरकवलेला.
तिने मला पाहिलं. मी तिला पाहिलं.
ती हसली, आणि पडदा सोडला.
कुणाला बोलली नाही. बापाची नोकरी टिकली.
मी घरी सांगितलं तेव्हा बाप म्हणाला, बाई देवमाणूस.
मरेपर्यंत म्हणाला.
मी मात्र साठ वर्षं म्हणत आले,
रागवण्याइतकंही मोजलं नाही तिने आपल्याला.

थोर्वाल्ड असता तर म्हणाला असता,
झोप आता, रिग्मोर, बरणीभर मध तो केवढा.
पण तो कबरीत, आणि वही माझ्यासमोर:
डावीकडे लिहू की उजवीकडे?
पोरीचं नाही.
माझं.

आज सकाळी खुर्ची घेऊन टपरीपाशीच जाऊन बसले.
पाय गारठले. वही घरात.
न्यायमूर्तींची गाडी जरा हळू झाली,
मला पाहून पुढे गेली.
मग हॉल्गर आला. शीळ थांबली.
दोन्ही खिसे चाचपले, मग मागचाही,
कानापर्यंत लाल झाला बिचारा.
म्हणाला, सुटे नाहीत.

म्हटलं, माझ्याकडेही नाहीत रे.
बस जरा.