चतुःसीमा

येलदरीच्या पाण्यात एक टेकाड आहे,
नकाशावर शाईचा शिंतोडा उडावा तेवढं.
ते मोजायला मला पाठवलं
तेव्हा मार्गशीर्ष; जलाशय काठोकाठ.
सटवाजी भोयाची होडी कसली, थर्माकोलचा तराफा,
वरून ताडपत्री शिवलेली.
मांडीवर नकाशा, पायाशी साखळी,
मध्ये डबा : भाकरी, ठेचा, दोन उकडलेली अंडी.
"कामून मोजायलाव सायेब?
तिथं कोन ऱ्हायतंय?"

लांबी एकशे दहा पावलं.
रुंदी, जिथं जास्त तिथं, चाळीस.
उत्तरेला काळा कातळ पायऱ्या पायऱ्यांनी उतरलेला,
भेगांत गारगोटीचे पांढरे दात.
दक्षिणेला मुरूम, मग बेशरमाची झुडपं,
मग कसलीही सूचना न देता पाणी.
सगळ्यात उंच जागी एकच हिवर,
वाऱ्यानं पूर्वेकडे विंचरलेला.
उंची लिहिली.
सावलीला रकाना नव्हता.

रात्री जिंतूरला लॉजवर कागद भरत बसलो.
क्षेत्र बावीस गुंठे. पोटखराब : सगळंच.
भोगवटादार : इथं 'थापट्या बदकं, हंगामी' असं लिहिलं
आणि खोडलं.
पूर्वेस पाणी.
पश्चिमेस पाणी.
उत्तरेस पाणी.
दक्षिणेस लिहिताना पेन थांबलं.
चारी बाजूंनी एकच शेजारी असलेली जमीन
सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिलीच.
बांध कोरणारं कुणी नाही. भावकी नाही.
वहिवाटीचा रस्ता निरंक.

वैशाखात परत पाठवलं, क्षेत्र जुळत नाही म्हणून.
या खेपेला चालत गेलो.
टेकाडाला दक्षिणेकडून मान फुटली होती,
गाळाची, पापडासारखी तडकलेली,
थेट काठापर्यंत.
तिच्यावर शेळ्यांचे खूर. एका कुत्र्याचे पंजे,
जाताना आणि येताना.
मुरमात सुरय पक्ष्यांची अंडी होती
तिथं टरफलं, ठिपक्याठिपक्यांची.
सुरय डोक्यावर ओरडत होते, झेपावत होते,
हद्द दाखवत होते
जिथून ती कधीच उठून गेली होती.

साखळी ओढली. नऊ एकर.
मग आधी मी काय मोजलं होतं?
सटवाजी टाचेचा गाळ दगडावर खरडत म्हणाला,
"पानी आलं की हाय, गेलं की न्हाई.
तुमच्या कागदाला येवडं बी कळंना का?"

नकाशा शाईनं करावा असा नियम आहे.
ती एक रेघ मी पेन्सिलीनं ठेवली.
साहेबांनी विचारलं नाही.
कदाचित त्यांनाही ती दिसली नसेल.

आता मी निवृत्त, परभणीत असतो.
गुडघे धरतात, तराफ्यावर बसवत नाही.
पण पाऊस चांगला झाला
की पोळ्याच्या आसपास एक फोन येतो.
मागे वारा, पाण्याची चपचप,
आणि तो रामराम न घालताच सांगतो :
"सायेब, सुटलं बगा आज."
मी विचारतो, दक्षिणेस?
"पानी."