मानशीवरून पश्चिमेकडे

इनास मानशीचं दार उतरवायला येतो
तेव्हा मी बांधावर दुर्बीण उभी करत असते.
तिचा एक पाय चिखलात नेहमी खचतो,
त्याखाली मी करवंटी पालथी ठेवते.
भरतीला अजून घटकाभर आहे.
पणजीचे कसिनो दिवे पेटवून बसलेत,
पश्चिमेचं आभाळ चोडणातूनसुद्धा
कडेला करपल्यासारखं दिसतं.

"कितें दिसता?"
"कांयच ना," मी सांगते, आणि ते खरं असतं.

भुजंगधारीच्या पायाशी,
जिथे काहीच नाही तिथे मी नळी लावली आहे.
सोळाशे चारच्या ऑक्टोबरात तिथे एक तारा पेटला,
गुरूच्या शेजारी, गुरूहून उजळ,
मंगळ आणि शनी हाकेच्या अंतरावर;
आमंत्रण नसताना पंगतीत येऊन बसलेला.

तेव्हाही बांध होता,
मानस होती, आणि मानशीला माणूस.
मी त्याला म्हाळू म्हणते.
बाप्तिस्म्याच्या वहीत बस्त्यांव असेल,
आई मात्र दाराला आडणा घालून
जुन्याच नावाने जेवायला हाक मारत असेल.
त्याची कुठे नोंद नाही. मीच त्याला इथे उभा केला,
कारण भरती चंद्राच्या हिशेबाने येते
आणि रात्री मान वर करणं ज्याच्या कामातच होतं
असा गावात तोच एक.

त्याला एक दिवा जास्त दिसला.
सांगणार कुणाला?
पाद्री विचारेल, वर काय शोधत होतास?
भट तर देवासकट केव्हाच नदीपलीकडे गेलेला.
त्याने पाय धुतले आणि घरी गेला.

पण रोज बघत राहिला.
नोव्हेंबरात तारा सूर्याच्या उजेडात बुडाला,
पौषात, पहाटेच्या ओहोटीला,
पूर्वेकडून वर आला,
आजारातून उठल्यासारखा, उतरलेला.
पुढच्या दसऱ्याच्या सुमाराला
बहुधा म्हाळूलाच तेवढा दिसत होता.
बाकीच्यांना जागा माहीत नव्हती.

"मागीर आतां थंय कितें आसा?"
इनासने विडी पेटवली आहे.

कवच आहे, मी म्हणते. फुटलं ते अजून पसरतंय.
तुझ्या एका झुरक्यात लिस्बन गाठेल, एवढ्या वेगाने.
माझ्या नळीला ते दिसत नाही,
त्याला क्ष-किरणांचा डोळा लागतो.
आत लोखंड आहे. पुष्कळ लोखंड.

इनास हसतो. पंधरा वर्षं तो बार्जीवर होता,
डिचोलीचं तांबडं खनिज मुरगावला नेत.
खाणी बंद पडल्या, आणि तो या दाराशी आला.
नखांच्या कडा अजून तांबूस आहेत.
"लोखण म्हाका दाखय नाका."

हे आपलं नव्हे, मी घाईने सांगते,
हे वीसेक हजार वर्षांपूर्वीचं, म्हणजे कालपरवाचं.
आपलं लोखंड त्याच्या कितीतरी आधी फुटलेल्यांचं,
ज्यांना बघायला म्हाळू नव्हता,
बांध नव्हता, नदीसुद्धा नव्हती.
त्याचाच मग डोंगर झाला,
डोंगराचे ट्रक, ट्रकांच्या बार्जी, बार्जींची चीन,
आणि सांडलं ते पावसाबरोबर
याच शेतात येऊन बसलं,
जिथे दोन वर्षं कोरगूट धरला नाही.

तो बराच वेळ काही बोलत नाही.
पाणी दगडाला लागल्याचा आवाज येतो.
विडी विझवून तो दाराच्या दोराला हात घालतो,
आणि पाठमोराच विचारतो:

"तो तुजो बस्त्यांव,
तारो पळयतां पळयतां
दार उकतें तर दवरूंक ना मूं ताणें?"

हे मला सुचलंच नव्हतं.
त्या वर्षी शेत खारावलं की तरलं,
मी अजून ठरवलेलं नाही.

दार धाडकन खाली येतं.
दुर्बिणीचा पाय करवंटीवरून सरकतो,
आणि नळीत, शेजारच्याच कुठल्यातरी
साध्या, न फुटलेल्या ताऱ्यावर
माझा डोळा जाऊन पडतो.