दुसरं स्थळ

शियेच्या गुऱ्हाळवाल्यानं
सात चौरस फूट पत्र्याचे पैसे मोजले,
चुलवाणाला चौकोनी झाकण पाहिजे म्हणाला
आणि गेला.
बाजू किती?
उद्यमनगरात वीज नव्हती.
मी कॅल्क्युलेटर मागायला उठलो
तर बाबालाल शिकलगार म्हणाले, "बस की गप.
बे दुणे चार, तीन त्रिक नऊ.
सात मधीच कुठंतरी हाय, पळून जातंय व्हय?"

पत्र्यावरच खडू.
दोन पॉइंट सहा: सातला उणं.
दोन पॉइंट सात: जास्ती.
पासष्ट: सातच्या वर, नखभर.
चौसष्ट: खाली, जरा जास्तच खाली.

"आता ह्या दोघांत जवळचं कोण?
डोळ्यानं नगं सांगूस."
मग चौसष्टच्या पुढं पाच,
गुणाकार पत्रा सोडून फरशीवर उतरला,
खडू चण्याएवढा उरला.
सहा पॉइंट नऊ नऊ सहा.
"सात भरलं न्हाई. म्हंजे मूळ हिच्याफुडं.
पासष्ट लिव्ह."

"आणि तिसरं स्थळ, चाचा?"
"लगीन जमवाय बसलायस काय?
झाकण हाय ते.
पंपाचा पिस्टन आसता
तर चौथं बी मागितलं असतं तुला."

कातर चालली. खडूची रेघ
निम्मी पत्र्यावर राहिली, निम्मी कातरीनं खाल्ली.

परवा काकवीसाठी शियेला गेलो.
झाकण तिथंच, काळंकुट्ट,
एका कोपऱ्यात वाकलेलं,
वाफेनं खुळखुळणारं.
खिशात टेप होता.
वर हात दाबून ठेवला.