पाच रुपये पान

बस. स्टूल ओढ. पंख्याखाली नको, कागद उडतात.
नाव काय तुझं? हृषीकेश ढमढेरे.
मग फाइलचं नाव 'नवीन फायनल खरंच फायनल चार' कशाला?
साहेबाच्या संगणकात असल्या शंभर फायनली पडून असतात,
त्यांतला तू कुठला, हे त्यानं उकरून काढायचं?
नाव घाल, पुढे काम घाल. एवढ्यानंही माणूस सापडतो.

आणि हे काय, तीन पानं? तेविसाव्या वर्षी?
माझं पोट पानावर चालतं, तरी सांगते,
एकच पान कर.

आयटीआयच्या फाटकासमोर अकरा वर्षं झाली.
या ट्रेमधून किती पोरं गरम गरम बाहेर पडली,
सगळी एकाच साच्यातली:
मेहनती, प्रामाणिक, सर्वांत मिसळणारा,
छंद वाचन, क्रिकेट, संगीत ऐकणे.
अरे, आळशी आणि लबाड असं कोणी लिहिलंय का कधी?
खोड ते.

भोसरीत सीएनसीवर होतास ना? किती महिने?
शंभरात नऊ पीस रद्दीत जायचे, ते तीनवर आले,
आणि हे तू आत्ता सांगतोयस, चहा पिता पिता!
तोंडात गूळ धरून बसला होतास का इतका वेळ?
हे वाक्य वर घे. सगळ्यात वर.
रक्तगट काढून टाक. रक्त द्यायला नाही चाललास.

हा मधला दीड वर्षाचा खड्डा,
त्यावर सतरंजी टाकू नकोस,
पाय नेमका तिथेच जातो.
आईचं डायलिसिस होतं ना?
मग लिही, घरी आजारपण होतं, आता मोकळा आहे.
मान खाली घालून नाही. तारीख सांगतात तसं.

चाकणला नऊची वेळ दिलीय?
आदल्या दिवशी जाऊन गेट बघून ये.
नाशिक फाट्यावर बस अडकली
हे खरं असलं तरी कारण म्हणूनच ऐकू येतं.

पगार विचारतील.
'तुम्ही द्याल तो' म्हणालास तर देतील तोच.
आकडा आधी ठरव, आरशासमोर म्हण,
सात वेळा आवाज कापेल,
आठव्यांदा नाही.
हातात किती आणि कापून किती, विचार.
पीएफचा नंबर माग. लाजायचं त्यांनी, नसेल तर.
आणि पत्र हातात पडल्याशिवाय
जुन्या ठिकाणी राजीनामा द्यायचा नाही.

कोणी डिपॉझिट मागितलं, पाच हजार असो की पंधरा,
उठायचं आणि चालायला लागायचं.
कैवल्य गव्हाणेला हेच सांगितलं होतं.
तो आधी भरून आला,
मग पावती झेरॉक्स करायला आला.
ती पावतीही धड छापलेली नव्हती.

मला? मला कोणी नाही सांगितलं.
पिंपरीत टाइम ऑफिसला होते, चौदा वर्षं.
साडेतीनशे लोकांची हजेरी माझ्या हाताखालून गेली,
कोण किती मिनिटं उशिरा, तोंडपाठ.
कंपनीनं टाळं ठोकलं त्या दुपारी
माझ्याकडे माझा एक कागद नव्हता.
रात्री लिहायला बसले. 'मेहनती' लिहिलं, 'प्रामाणिक' लिहिलं,
पुढे काही सुचेना.
मग ग्रॅच्युइटी आली, तिचं हे मशीन घेतलं.

असो. स्पेलिंग बघ इथे, ऑपरेटरला दोन पी नाहीत, एकच.

तीन प्रती. दुमडू नकोस, फाइल नसेल तर ही ने,
जुनी आहे, पण कोपरे शाबूत आहेत.
पंधरा रुपये. क्यूआर कॅलेंडरखाली आहे.

आणि लागलं काम, तर पेढे आणू नकोस,
मला साखर आहे.
पहिली सॅलरी स्लिप आण.
झेरॉक्स काढून ठेवू दोन.
त्याचे पैसे नाहीत घेत मी.