दहा राखाडी ढग

पहिल्या वेळी मशीन म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.
दुसऱ्या वेळीही तेच.
शेरीफच्या कचेरीतली पोरगी एलिसिओ बरेलाची बोटं
एकेक करून काचेवर दाबत होती,
लोशन लावून, पुसून, परत लोशन लावून,
आणि पडद्यावर उमटत होते
दहा राखाडी ढग.

एकतीस वर्षं साखर कारखान्यात, चुन्याच्या भट्टीवर.
नेब्रास्काच्या या टोकाला ऊस नाही, बीट पिकतं,
बीटचा रस निवळायला चुना लागतो,
आणि चुना विचारत नाही
रस कुठला, कातडी कुठली.
निरक्षर माणूससुद्धा अंगठा तरी उठवतो.
याच्याकडे तेवढंही उरलं नाही.

मी शाळेच्या ऑफिसात फायली सांभाळते.
त्याच्या फायलीवर लिहिलंय:
स्वयंसेवक सहायक प्रशिक्षक, गोळाफेक. मानधन शून्य.
शून्यासाठी लागणारी कागदपत्रं मात्र पुष्कळ.
बंद पडलेलं हृदय चालू करायचा वर्ग त्याने केला,
रबरी बाहुलीच्या छातीवर इतका जोर दिला
की शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, हळू, बरेला, हळू.
डोक्याला मार लागल्याची लक्षणं ओळखायचा कोर्स
लायब्ररीत बसून, दोन बोटांनी टाइप करत.
चौदाव्या प्रश्नावर अडला, मला फोन केला:
"खेळाडू म्हणते मी ठीक आहे, तर काय कराल?
चारच पर्याय दिलेत.
तिच्याशेजारी बसून राहीन, असा पाचवा नाही का?"
मी म्हटलं, नाही. क वर टिक करा.

ठसे जुळेपर्यंत कुंपणाच्या आत पाऊल नाही.
सूचना देणं म्हणजे काय, त्याचीही व्याख्या आहे, पान नऊ:
शब्द, खूण किंवा प्रात्यक्षिक.
त्या ओळीवर बोट मीच ठेवलं.
माझी बोटं शाबूत आहेत.

मी हसत नाही नियमाला.
अकरा वर्षांपूर्वी पोहणं शिकवायला एक माणूस आला होता,
सगळ्यांच्या ओळखीचा, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा.
त्याच्याकडे कुणी कागद मागितला नाही.
मीही नाही.
त्या उन्हाळ्यात दोन घरं गाव सोडून गेली,
तेव्हा त्यांचे दाखले मीच टाइप केले.

एप्रिलचा सामना. वारा असा, की घोषणा उडून
शेजारच्या नांगरलेल्या रानात पडत होत्या.
एलिसिओ कुंपणापलीकडे, आपल्या पिकअपला टेकून,
दोन्ही हात खिशात
(हात बाहेर असले की खूण होऊन बसते).
ब्रिन क्राउटरचा पहिला फाउल. दुसराही.
डावी टाच उचलली जातेय, हे मलासुद्धा दिसत होतं,
आणि मला गोळाफेकीतलं ओ की ठो कळत नाही.
वर्तुळात जायच्या आधी तिने कुंपणाकडे पाहिलं.
तो क्षणभर तसाच उभा राहिला.
मग वळला,
तिच्याकडे पाठ करून बीटच्या रिकाम्या रानाकडे पाहू लागला.
पाठ फिरवणं खुणेत मोडतं का,
पान नऊवर काही नाही. मी नंतर दोनदा वाचलं.

तिसरी फेक ग्राह्य धरली. अंतर काही खास नव्हतं.

सोमवारी राज्याकडून पत्र आलं:
ठसे अवाचनीय, नावावरून चौकशी सुरू,
सहा ते आठ आठवडे.
सीझन संपायला पाच उरलेत.
मी त्याला खुर्ची दिली, कॉफी दिली, पत्र वाचून दाखवलं.
तो म्हणाला, "पुढच्या वर्षीचा फॉर्म आलाय का?"

आला होता.
घेताना तो कागद
त्याच्या गुळगुळीत बोटांतून दोनदा निसटला.